सुरी कुठे मोडते: सह्याद्रीतल्या मुक्कामासाठी पाते निवडताना

मित्रहो,

पावसाळा ओसरून मुक्कामी भटकंतीचे दिवस जवळ आले की आपल्यापैकी कोणी ना कोणी विचारतोच, की जंगलात नेण्यासाठी सुरी कोणती घ्यावी. विचारणाऱ्याच्या मनात बहुधा पोलादाचे नाव, पात्याची लांबी आणि किंमत एवढेच असते. मला आज या प्रश्नाकडे दुसऱ्या बाजूने जायचे आहे. सुरी टिकाऊ हवी असेल तर ती मोडते कुठे, हे आधी पाहिले पाहिजे. आणि माझ्या पाहण्यात ती धारेपाशी क्वचित आणि मुठीपाशी वारंवार मोडते.

काही वर्षांपूर्वी राजमाचीला उधेवाडीत आमचा मुक्काम होता. ज्या घरी उतरलो होतो, तिथल्या चुलीसाठी सरपण फोडण्याचे काम मी आपणहून अंगावर घेतले. मनगटाएवढे लाकूड उभे केले, त्याच्या माथ्यावर सुरी आडवी ठेवली आणि तिच्या पाठीवर दांडक्याने ठोकू लागलो. सहाव्या-सातव्या ठोक्याला पाते लाकडात राहिले आणि मूठ माझ्या हातात आली. मुठीच्या आत बोटाच्या दोन पेरांएवढी, पेन्सिलीहून बारीक सळई होती आणि ती पात्याला जिथे जुळली होती नेमकी तिथेच तुटली होती. बाहेरून ती सुरी अतिशय भक्कम दिसत असे. घरातल्या आजींनी माळ्यावरचा कोयता काढून दिला आणि उरलेले सरपण त्याने थोड्याच वेळात फोडून झाले.

पात्याचा जो भाग मुठीत शिरतो त्याला इंग्रजीतून आलेला ‘टँग’ हाच शब्द आपल्याकडे रुळला आहे, म्हणून मीही तोच वापरतो. मिटणाऱ्या चाकूत हा भाग नसतोच. तिथे सगळा भार एका खिळीवर आणि एका खटक्यावर असतो, म्हणून फळे कापायला आणि दोरी तोडायला उत्तम असलेला तो चाकू लाकूडकामाला लावू नये. अखंड सुरीत पाते आणि टँग एकाच पोलादी पट्टीचे असतात. ही पट्टी मुठीच्या पूर्ण लांबी-रुंदीची असेल आणि दोन्ही बाजूंनी लाकडाच्या किंवा मायकार्टाच्या (राळेत घट्ट दाबलेल्या कापडाच्या) फळ्या रिव्हेटने जडवलेल्या असतील, तर तिला फुल टँग म्हणतात. माझ्या मते तिचा सर्वांत मोठा गुण असा, की तिची कडा मुठीच्या भोवती उघडी दिसते. विकणाऱ्याच्या शब्दावर विसंबावे लागत नाही, दुकानात हातात घेऊन डोळ्यांनी खात्री करून घेता येते.

मात्र फुल टँग नाही म्हणून सुरी कच्ची, असे समजणे चुकीचे आहे. अमेरिकेच्या मरीन दलाने १९४२ मध्ये स्वीकारलेल्या का-बार सुरीचा टँग अरुंदच आहे. तो चामड्याच्या चकत्यांच्या मुठीतून आरपार जाऊन मागच्या टोपणाला जोडलेला असतो आणि ती सुरी महायुद्धात वापरली गेली. फिनलंडमधल्या पुक्को सुऱ्यांचा टँगही पिढ्यान्‌पिढ्या लाकडी मुठीच्या आत झाकलेलाच राहिला आहे. मग माझी सुरी का तुटली? तिचा टँग आखूड होता हे खरेच, पण रुंद पाते आणि बारीक सळई यांच्यामधला कोपरा काटकोनात कापलेला होता, हे त्याहून महत्त्वाचे. धातूवर ताण आला की तो अशा तीक्ष्ण कोपऱ्यात एकवटतो, प्रत्येक ठोक्याबरोबर तिथली सूक्ष्म भेग वाढत जाते आणि शेवटी तुकडा पडतो. तोच कोपरा गोलाईने उतरवला असता तर ताण पसरला असता. पाठीवर करवतीचे दाते काढलेल्या सुऱ्या मी याच कारणाने टाळतो, कारण प्रत्येक दात्याची खाच म्हणजे असा एक कोपराच असतो, शिवाय त्या दात्यांनी ठोकणीचे दांडके सोलून निघते आणि लाकूडही नीट कापले जात नाही. पोकळ मुठीत होकायंत्र आणि काडेपेटी भरून दिलेल्या सुऱ्यांविषयी वेगळे सांगायला नको. पोकळी ठेवायची तर टँगला जागाच उरत नाही.

आता त्या कोयत्याकडे येतो. उत्तर अमेरिकेत किंवा युरोपात जंगलात राहण्याविषयी जे शिकवले जाते, त्यात एका सुरीकडून तोडणे, फोडणे, सोलणे, कोरणे अशी सगळी कामे करवून घेण्याकडे कल असतो, आणि त्यामुळे सात-आठ इंची जाड पाती लोकप्रिय होतात. आपल्या डोंगरांत वस्ती फारशी दूर नसते आणि जवळजवळ प्रत्येक घरात कोयता असतो. पुढे जड असलेले हे हत्यार कारवी, बांबू आणि सरपण यांच्यासाठी इतके योग्य आहे, की तेच काम सुरीवर लादण्याचे कारण नाही. म्हणून आपल्या सुरीने बारीक कामे करावीत: काटक्या सोलून भुरभुरीत ढलप्या काढणे, तंबूच्या मेखा टोकदार करणे, दोरी कापणे, भाजी चिरणे. या कामांना तळहाताच्या रुंदीएवढे, म्हणजे साधारण १० सेंटिमीटरचे पाते पुरते. त्याहून लांब पात्याचे टोक हातापासून दूर जाते आणि कोरताना ताबा सुटतो.

जाडीचा विचार थोडा काळजीने करावा लागतो. पट्टीचा वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे २ मिलिमीटरचे पाते ४ मिलिमीटरचे केले तर ताठपणा दुप्पट होत नाही, आठपट होतो. त्याच वेळी जाड पाते लाकडात पाचरीसारखे अडकते आणि कांदा चिरण्याऐवजी फोडते. २.५ ते ३.५ मिलिमीटर ही मर्यादा मला योग्य वाटते. स्वीडनमधल्या मोरा गावात १८९१ पासून चालत आलेल्या सुऱ्यांच्या कारखान्याची दोन पाती शेजारी ठेवली तर हे नीट समजते: साध्या ‘कम्पॅनियन’चे स्टेनलेस पाते २.५ मिलिमीटरचे असून टँग मुठीच्या टोकापर्यंत जात नाही, तर ‘गार्बर्ग’ ३.२ मिलिमीटरची आणि फुल टँगची आहे. ज्याच्या हाती सरपण फोडायला कोयता आहे, त्याचे पहिल्या सुरीवर वर्षानुवर्षे भागते. कोयता मिळणार नाही अशा ठिकाणी जाणाऱ्याने दुसरीसारखी घ्यावी.

पोलादाची नावे आकड्यांत असतात, पण ते आकडे बोलके आहेत. १०९५ मधले शेवटचे ९५ म्हणजे सुमारे ०.९५ टक्के कार्बन. अशा साध्या कार्बन पोलादाला धार लवकर आणि सुरेख येते, पण ते गंजते. किमान साडेदहा टक्के क्रोमियम असेल तर त्याला स्टेनलेस म्हणतात. डी-२ या पोलादात क्रोमियम सुमारे १२ टक्के असते, तरी त्याचा बराचसा भाग कार्बनशी बांधला जात असल्यामुळे ते स्टेनलेसइतके गंजरोधक राहत नाही. पेटीवर नुसते ‘४४०’ छापलेले असेल तर पुढचे अक्षर विचारावे, कारण ४४०-ए आणि ४४०-सी यांच्या कार्बनमध्ये मोठा फरक असतो.

आणि तरीही, नावापेक्षा पात्याला पाणी कसे पाजले आहे याला मी जास्त महत्त्व देतो. तापवून विझवलेले पोलाद कठीण होते पण काचेसारखे ठिसूळही होते. ते पुन्हा मंद तापवून थोडा कठीणपणा सोडावा लागतो, तेव्हा त्यात चिवटपणा येतो. या देवाणघेवाणीत जंगलातल्या सुरीसाठी कठीणपणाच्या रॉकवेल मापनावर ५६ ते ५९ ही पातळी चांगली. त्याहून कठीण पात्याची धार बांबूच्या पेरावर तुटते, मऊ पात्याची वळते. आपले लोहार ट्रकच्या जुन्या कमानपाट्यापासून उत्तम हत्यारे घडवतात, पण पाट्याचे मूळ पाणी स्प्रिंगसारखे लवण्यासाठी दिलेले असते आणि धारेसाठी ते मऊ पडते. त्यामुळे लोहाराकडून सुरी करून घेताना धारेला नव्याने पाणी पाजण्याचा आग्रह धरावा. नवी कानस धारेवर सहज रुतली तर पाते मऊ आहे असे समजावे.

आपल्याकडचा पाऊस लक्षात घेतला तर मी बहुतेकांना स्टेनलेसच सुचवतो. महाबळेश्वरासारख्या ठिकाणी वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि कोकणात उतरल्यावर हवेत मीठही असते. अशा ठिकाणी कार्बन पाते एका रात्रीत गंजाचे ठिपके धरते. कार्बनच आवडत असेल त्यांनी घरातली जुनी विळी आठवावी. कैरी चिरून तिचे पाते काळे पडते, आणि तो काळा थर पुढच्या लाल गंजाला बराचसा रोखून धरतो. पण ती विळी टिकते, कारण घरातली बाई ती रोज धुऊन, पुसून, कोरडी करून ठेवते. तेवढी शिस्त ज्याला पाठीवर ओझे असतानाही पाळता येईल, त्याने कार्बन जरूर घ्यावे आणि सोबत खोबरेल तेलाची लहान बाटली ठेवावी.

पात्याच्या पाठीची कडा मात्र काटकोनात, तीक्ष्ण असावी. फेरो रॉडमधून, म्हणजे खरवडल्यावर ठिणग्या देणाऱ्या मिश्रधातूच्या कांडीतून, ठिणग्या काढायला तीच लागते. त्या ठिणग्या रॉडच्या असतात, म्हणून स्टेनलेसनेही निघतात. जुन्या चकमकीत गारगोटीने खरवडलेले पोलाद जळते, म्हणून तिथे कार्बन पोलादच हवे.

मुठीला बोटांसाठी खोल खाचा नसाव्यात, कारण त्या दुसऱ्याच कोणाच्या हाताच्या मापाच्या असतात आणि पकड बदलली की टोचतात. म्यान हा सुरीचाच भाग मानावा. १९९१ मध्ये आल्प्सच्या बर्फात सापडलेल्या सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या माणसाजवळ गारगोटीची छोटी सुरी होती आणि तिलाही झाडाच्या सालीच्या तंतूंनी विणलेले म्यान होते. आपल्या पावसात चामडे ओल धरून ठेवते, म्हणून खाली पाणी निथळायला भोक असलेले प्लास्टिकचे म्यान घ्यावे, आणि ते उलटे धरून हलवल्यावर सुरी जागची हलू नये.

कायद्याची बाजूही सांगतो. शस्त्र कायदा १९५९ चा आहे आणि त्याखालच्या नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याच्या सुऱ्या शस्त्रांच्या वर्गात येतात. घरगुती आणि शेतीची अवजारे त्यातून वगळली आहेत. आपले १० सेंटिमीटरचे पाते त्या मापाच्या बरेच आत राहते. परंतु वासोटा कोयना अभयारण्यात आहे आणि हरिश्चंद्रगड कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात. वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे अभयारण्यात परवानगीशिवाय हत्यार नेता येत नाही, म्हणून तिकडे निघताना वनखात्याला आधी विचारावे, आणि नकार मिळाला तर सुरी घरी ठेवावी. कुठल्याही जंगलात उभ्या झाडाला पाते लावू नये. वाळून पडलेल्या काटक्यांवर सगळा सराव होतो.

आता टेबलावर दोन निसणे, पाण्याचे भांडे आणि एक कानस ठेवली आहे. ज्यांनी आपापल्या सुऱ्या आणल्या आहेत त्यांनी त्या म्यानातच ठेवून पुढे याव्यात. आधी प्रत्येकीचा टँग पाहू आणि मग धारेकडे वळू.