व्हेरोनाचं टपाल

'रोमिओ आणि ज्युलिएट'मधला खलनायक कोण, असं मी वर्गात दरवर्षी विचारायचो. उत्तरं ठरलेली: ज्युलिएटचा मामेभाऊ टिबॉल्ट, वैर धरून बसलेले दोन्हीकडचे बाप, नाहीतर नशीब. एका वर्षी मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, पोस्टमन!" वर्ग खो खो हसला, मीही हसलो. घरी येऊन नाटक पुन्हा उघडलं, तर पोरगं फारसं चुकलेलं नव्हतं.

सुरुवातच बघा. इटलीतल्या व्हेरोनात ज्युलिएटच्या वडिलांकडे, कॅप्युलेटकडे, रात्री मेजवानी. म्हातारा पाहुण्यांची यादी नोकराच्या हातात कोंबतो आणि म्हणतो, सगळ्यांना बोलावून ये. नोकराला वाचताच येत नाही, हे मालकाच्या गावीही नाही. तो बिचारा रस्त्यात एकाला गाठून विचारतो, वाचता येतं का हो? तो नेमका रोमिओ, कॅप्युलेटचा वैरी माँटेग्यू याचा मुलगा. यादीत रोझालाइनचं नाव असतं आणि तेव्हा स्वारी तिच्यासाठी झुरत असते (ज्युलिएट अजून कुठेच नाही, हे आपण सोयीस्कर विसरतो). नोकर खूश होऊन सांगतो, तुम्ही माँटेग्यूंपैकी नसाल तर या की पेलाभर घ्यायला! वैऱ्याच्या घरचं आमंत्रण मिळतं ते असं.

मग टिबॉल्टची आव्हानाची चिठ्ठी. ती रोमिओच्या वडिलांच्या घरी जाते. रोमिओ रात्रभर घरी फिरकलेलाच नाही; ज्युलिएटच्या खिडकीखालून तो पहाटे थेट फ्रायर (ख्रिस्ती साधू) लॉरेन्सकडे गेलाय. चिठ्ठी त्याने वाचल्याची खूण नाटकात कुठेही नाही. दुपारी तो लग्न करून, हवेत तरंगत चौकात येतो आणि समोर टिबॉल्ट उभा.

आता मुख्य पत्राकडे येऊ. टिबॉल्टला मारल्यामुळे रोमिओ व्हेरोनातून हद्दपार, मँटुआ या दुसऱ्या शहरात; इकडे कॅप्युलेट ज्युलिएटचं दुसरीकडे लग्न ठरवतो. ते टाळायला फ्रायर लॉरेन्सची युक्ती अशी: ज्युलिएट औषध घेणार, बेचाळीस तास मेल्यासारखी पडून राहणार, ती जागी होताना रोमिओने तिथे हजर असायचं. हे सगळं एका कागदावर. तो घेऊन निघतो फ्रायर जॉन. सोबतीला आपल्याच पंथाचा एक भाऊ हवा म्हणून तो त्याला शोधायला जातो. तो भाऊ आजाऱ्यांची विचारपूस करत असतो. शहराचे तपासनीस येतात, घरात प्लेगचा संशय, दारं सीलबंद. जॉन व्हेरोनाबाहेर पडतच नाही. पत्र परत पाठवायलाही माणूस मिळत नाही, सगळे घाबरलेले. 2020 च्या आधी हा प्रसंग शिकवताना मुलांना तो ओढूनताणून आणलेला वाटायचा. नंतर कुणी तसं म्हणालं नाही. शेक्सपिअरच्या प्रेक्षकांनाही वाटलं नसणार. 1592 ते 94 मधला बराच काळ लंडनची नाट्यगृहं प्लेगमुळेच बंद होती आणि हे नाटक छापून आलं 1597 मध्ये.

पण सगळा दोष प्लेगवर ढकलू नका. आर्थर ब्रूकच्या 1562 च्या ज्या काव्यावरून शेक्सपिअरने गोष्ट उचलली, तिथे ती कित्येक महिने चालते. शेक्सपिअरने ती रविवार ते गुरुवारच्या पहाटेत कोंबली. वर कॅप्युलेटने लग्न गुरुवारवरून बुधवारवर आणलं. दुसरं पत्र धाडायला उसंतच कुठे आहे?

आणि मला खटकतं ते वेगळंच. तिसऱ्या अंकात फ्रायर रोमिओला शब्द देतो की, तुझ्या नोकराला गाठीन, तो तुला इकडची खबर देत राहील. तो नोकर म्हणजे बॅल्थझार. ऐनवेळी फ्रायर त्याला काहीच सांगत नाही, आपल्या माणसावर विसंबतो. बॅल्थझार बिचारा डोळ्यांनी पाहिलेलं घेऊन घोडा दामटत मँटुआला पोचतो: ज्युलिएटला पुरलं. व्हेरोनातून वेगाने गेलेली बातमी एवढी एकच, आणि ती खोटी.

तो येताच रोमिओ विचारतो, फ्रायरची पत्रं आणलीस ना? ज्युलिएटचं कळतं. घोडे ठरवायला सांगतो. आणि पुन्हा विचारतो, फ्रायरचं पत्र नाही? "नाही, मालक." "असू दे." बाल्कनीचा प्रसंग सगळ्यांना पाठ असतो, मी मात्र नाटक बघताना या 'असू दे'साठी थांबलेला असतो. नटाने ते घाईत उरकलं की माझा जीव तुटतो.

शेवटी थडग्यापाशी एक पत्र उरतं, रोमिओने वडिलांना लिहिलेलं. ते बॅल्थझारकडेच असतं आणि वडील तिथेच दोन पावलांवर उभे असतात. मालकांनी हे वडिलांना द्यायला सांगितलंय, असं तो म्हणतो. व्हेरोनाचा शासक प्रिन्स हात पुढे करतो: आण इकडे, मी बघतो.