ओढ्यातला मासा टाकीत आणायचा असेल तर आधी ओढा बघा

(टाकीसमोर. कॅमेरा काचेच्या अगदी जवळ.)

नमस्कार मंडळी. हा बघा, काचेला चिकटून बसलाय. बोटाएवढा, मातकट, अंगावर ना पट्टे ना चमक. दुकानात ठेवला तर कोणी ढुंकून बघणार नाही. पण आता त्याच्या हनुवटीखाली बघा. खालच्या ओठामागे गोल चकती दिसतेय? तिच्या जोरावर हा धारेतल्या दगडाला धरून राहतो. जिथे आपला पाय टिकत नाही तिथे हा निवांत शेवाळ खरवडत बसलेला असतो. याचं नाव मळ्या.

याचं शास्त्रीय नावही मराठीतूनच गेलंय: गारा मुल्या. कर्नल साइक्स नावाचा इंग्रज अधिकारी दख्खनच्या नद्यांमधले मासे गोळा करत हिंडला आणि १८३९ साली त्यांची वर्णनं छापून आली. नावं देताना त्याने बऱ्याच ठिकाणी लोकांच्या तोंडचे शब्दच उचलले. मळ्याचं मुल्या झालं, शिंगटीचं सींगटी. म्हणजे मत्स्यशास्त्राच्या ग्रंथांत आपल्या ओढ्यावरचे शब्द बसलेत आणि आपल्या दिवाणखान्यात गप्पी, एंजल, ऑस्कर. तिघेही मूळचे दक्षिण अमेरिकेचे.

तर आज देशी मासे. आणि पहिल्यांदा तो कॉमेंटमधला नेहमीचा प्रश्न घेतो: 'दादा, आपल्या हवेतलाच मासा आहे, त्याला वेगळं काय लागणार?'

लागतं. भरपूर लागतं. दुकानातला गप्पी कित्येक पिढ्या टाकीतच जन्मलाय. साचलेलं कोमट पाणी, गर्दी, गोळ्यांचं खाणं, सगळं त्याच्या अंगवळणी पडलंय. ओढ्यातल्या माशाने काच कधी बघितलेलीच नसते. त्यामुळे देशी मासा सोपा असतो ही समजूत आधी डोक्यातून काढा.

माझ्या डोक्यातून ती कशी निघाली तेही सांगतो. पहिल्यांदा मी सहा जायंट डॅनिओ आणले. सह्याद्रीच्या ओढ्यांत दिसतात ते, निळ्या अंगावर पिवळसर रेघा, कळपाने धारेच्या तोंडाला उभे असतात. टाकी दोन फुटी, त्याच आठवड्यात भरलेली, वर एक गुडगुडणारा छोटा फिल्टर. दहा दिवसांत चार गेले. मी पाण्याला दोष दिला, औषधं ओतली. चूक माझी होती, आणि एक नाही, दोन होत्या.

पहिली तुम्हाला माहीत असणार, म्हणून पटकन. नव्या टाकीत माशांच्या विष्ठेचा अमोनिया साठतो. त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरमध्ये वसायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर मासे टाकायचे नाहीत. जुन्या चालू टाकीतला स्पंज मिळाला तर हा वेळ कमी होतो. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मारून घ्यायचं. विषय संपला.

दुसरी चूक जास्त महत्त्वाची: ऑक्सिजन. पाणी जितकं गरम, तितका त्यात ऑक्सिजन कमी मावतो. वीस अंशांना एका लिटरमध्ये साधारण ९ मिलिग्रॅम, तीस अंशांना साडेसात. आता ओढा आठवा. वर झाडांची सावली, दगडांवर आपटून फेसाळणारं पाणी. तिथला मासा भरपूर ऑक्सिजनवर वाढलेला. त्याला आपण उन्हाळ्यात बंद खोलीत, बत्तीस अंशांच्या साचलेल्या पाण्यात ठेवतो. गरम पाण्यात माशाचा श्वास वाढतो आणि पाण्यातला प्राणवायू घटतो, दोन्ही एकदमच. माझे डॅनिओ पृष्ठभागाला तोंड लावून होते, आणि मला वाटलं भूक लागलीय! खायला घातलं. म्हणजे अमोनिया आणखी वाढवला.

म्हणून आमच्या या टाकीत हीटर नाही. उन्हाळ्यात उलट झाकणाजवळ छोटा पंखा लावतो. पाण्याची वाफ होते, पाणी दोनतीन अंशांनी उतरतं. रोज थोडं पाणी कमी होतं, ते भरावं लागतं, एवढाच त्रास.

(कॅमेरा डावीकडून उजवीकडे हळू सरकतो.)

आता टाकी बघा. तीन फूट लांब, फूटभर रुंद, सव्वा फूट उंच. कागदावर १०६ लिटर. दगडवाळू घातल्यावर नव्वदच्या आसपास. उंच टाकी घेऊ नका. ओढा उंच नसतो, लांब असतो. डाव्या टोकाला पॉवरहेड, म्हणजे पाण्यात बुडवलेला छोटा पंप आहे, तो पाणी लांबीच्या दिशेने ढकलतो. त्याच्या समोर मोठे गोटे. तिथे धार. मधे मोकळी जागा. उजव्या टोकाला बारीक वाळू, वाळकी पानं आणि वर तरंगणारी वनस्पती. तिथे पाणी जवळजवळ थांबलेलं. म्हणजे एकाच टाकीत धार पण आहे आणि डोह पण आहे. आणि गंमत बघा, मी कोणालाही जागा नेमून दिलेली नाही. डॅनिओ धारेत, मळ्या गोट्यांवर, आणि तो पृष्ठभागाखाली काडीसारखा थांबलेला, डोक्यावर चांदीचा ठिपका असलेला, तो पांचॅक्स. तो कायम त्या थांबलेल्या कोपऱ्यात. डासांच्या अळ्या वरून टिपणारा मासा आहे, त्याला धारेत काय काम?

पांचॅक्सची एक सूचना. चेहरा गरीब दिसतो, तोंड मोठं आहे. तोंडात मावेल तो मासा त्याच्या लेखी खाऊ असतो. त्याच्याबरोबर बारकी पिल्लं ठेवून मग मला विचारू नका की गेली कुठे.

वाळूत कोण आहे ते आत्ता दिसणार नाही. लोच आहेत, तळाशी राहणारे लांबट मासे, आपल्याकडे काही भागांत मुऱ्या म्हणतात. दिवसा वाळूत घुसून फक्त डोळे बाहेर. म्हणून वाळू बारीक आणि गोल कणांची हवी. धारदार खडी असली की त्यांच्या मिशा झिजतात. आणि यांना जाळीने पकडायचं नाही. यातल्या काही जातींना डोळ्याखाली एक बारीक काटा असतो, घाबरले की तो उभा राहतो आणि जाळीत अडकतो. सोडवता सोडवता आपण मासा अर्धमेला करतो. मी स्टीलचं भांडं बुडवतो आणि त्यात हळूच हाकलतो.

आता 'देशी' या शब्दाबद्दल थोडं भांडायचंय.

लोक म्हणतात देशी म्हणजे भारतातला. मासा देशाची सीमा ओळखत नाही हो, तो नदीचं खोरं ओळखतो. सह्याद्रीच्या माथ्यावर पडलेलं पाणी काही हातांच्या अंतराने एकीकडे कोकणात उतरतं आणि दुसरीकडे कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जातं. दोन्हीकडचे मासे सगळे सारखे नसतात. मिस केरळ म्हणून विकला जाणारा तो लाल-काळ्या पट्ट्यांचा डेनिसन बार्ब दक्षिणेकडच्या थोड्याच नद्यांतला आहे, आणि आययूसीएन या जागतिक निसर्ग संवर्धन संघटनेच्या यादीत तो संकटग्रस्त आहे. तो कृष्णेत सोडला तर परकाच. रोहू-कटला आपण आपलेच समजतो, पण ते मूळचे उत्तरेतले, दख्खनच्या नद्यांत माणसाने आणून सोडलेले. त्यामुळे माझ्यापुरती व्याख्या अशी: देशी म्हणजे त्या पाण्याचा. कोणत्या ओढ्यातला हे ज्याला सांगता येत नाही, त्याच्याकडून मी मासा घेत नाही.

स्वतः पकडायचा असेल तर? अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यानात हात लावायचा नाही. तिथे विषयच नको. बाहेरही आधी स्थानिक नियम विचारा, आणि वन्यजीव संरक्षण कायद्याच्या याद्या २०२२ च्या दुरुस्तीत बदलल्यात, त्या एकदा डोळ्यांखालून घाला. आणि वलगणीच्या वेळी मुळीच नाही. पहिल्या पावसात चढणीचे मासे वर येतात ते अंडी घालायला येतात. पोटात अंडी असलेली एक मादी उचललीत तर फक्त एक मासा उचलला असं होत नाही. पावसाळा ओसरल्यावर, पाणी निवळल्यावर जा. लहान पिल्लं घ्या, मोठे नाही. लहान मासा टाकीला लवकर सरावतो, मोठा काचेवर नाक आपटून घेतो. चारपाच पुरेत. पिशवीत एक भाग पाणी, दोन भाग हवा, आणि पिशवी सावलीत.

घरी आणले की सरळ या टाकीत नाही. तीन आठवडे वेगळ्या टाकीत. रानातला मासा सोबत पाहुणे घेऊन येतो. अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले तर इच हा परजीवी रोग. दोऱ्यासारखं काही लोंबत असेल आणि त्याच्या टोकाला दोन बारक्या पिशव्या असतील तर तो अँकर वर्म नावाचा परजीवी. औषध देताना लोचना निम्म्या मात्रेपासून सुरुवात करा, त्यांचे खवले नावापुरते असतात, औषध जास्त बाधतं.

पहिले काही दिवस गोळ्या खाणार नाहीत. घाबरू नका, गोळी म्हणजे खाणं हे त्यांना माहीतच नाही. डासांच्या अळ्या द्या, डॅफ्निया म्हणजे पाण्यातले बारीक जिवंत किडे द्या. अळ्या मोजक्याच टाका, उरल्या तर घरात डास होतील आणि मग घरचे तुम्हाला टाकीसकट बाहेर काढतील. मग हळूहळू त्यातच चुरलेली गोळी मिसळायची. डॅनिओ आठवड्यात शिकले. मळ्याचं वेगळं आहे. त्याला शेवाळ लागतं, आणि टाकीतलं शेवाळ तो चार दिवसांत साफ करतो. मी गच्चीवर एका टबात गोटे बुडवून उन्हात ठेवलेत. आठदहा दिवसांत हिरवे होतात. ते टाकीत, टाकीतले टबात. गोट्यांची पाळी लावलीय म्हणा ना. हिरवा गोटा ठेवला की मळ्या कसा त्याच्यावर आडवा होतो ते बघा... हं, आला. ओठांचा तो खालीवर चाललेला रंधा बघितलात?

झाकण. हे राहत होतं. फटसुद्धा ठेवायची नाही. डॅनिओ उडतातच, पण उस्ताद म्हणजे डोक. मरळीचा छोटा भाऊ. मी एक पाळला होता. फिल्टरच्या नळीसाठी झाकणाला दोन बोटांची फट होती. सकाळी टाकी रिकामी. शोधता शोधता चपलांच्या कपाटामागे सापडला, अंगाला धुळीचं पीठ लागलेलं. मेला समजून उचलला तर हातात वळवळला! डोक वरची हवा श्वासात घेऊ शकतो, अंग ओलं राहिलं तर तग धरतो. धुऊन वेगळ्या टाकीत ठेवला, दोन दिवसांत खायला लागला. यांच्यात नर अंडी तोंडात धरून सांभाळतो. ते बघायची हौस असेल तर डोकसाठी वेगळी टाकी करा. या टाकीत तो आला तर आठवड्याने फक्त तोच उरेल.

शेवटचा प्रश्न, हाही नेहमीचा. 'कंटाळा आला तर परत ओढ्यात सोडू का?' नाही. जिथून आणला त्याच ओढ्यातसुद्धा नाही. त्याने टाकीत दुकानातल्या वनस्पती, दुसरे मासे, त्यांचे रोग, सगळ्यांशी संबंध जोडलेला असतो. तुम्हाला मासा दिसतो, त्याच्याबरोबर काय जातंय ते दिसत नाही. आणि दुसऱ्या खोऱ्यातला असेल तर अजिबातच नाही. दुसऱ्या पाळणाऱ्याला द्या, मला कळवा, मी माणूस शोधून देतो. गप्पी आणि गॅम्बुशिया हे डासांसाठी म्हणून सोडले गेले, ते आता पांचॅक्सच्याच डबक्यात बसलेत. पांचॅक्स डास खातच होता की!

बरं, आता दिवा घालवतो. कॅमेरा चालूच ठेवतोय. वाळूकडे बघत राहा, उजव्या कोपऱ्यात, पानाच्या खाली. दोनतीन मिनिटं लागतील.

(दिवा बंद. वाळू हलते.)

पहिला आला.