जे दिसत नाही त्याचं वजन

(दृश्य : धनु राशीतला आकाशगंगेचा दाट पट्टा. कॅमेरा हळूहळू आत सरकतो.)

धनु राशीच्या दिशेला, सुमारे २७ हजार प्रकाशवर्षांवर, आपल्या आकाशगंगेचं केंद्र आहे. वाटेत इतकी धूळ आहे, की तिथला दृश्य प्रकाश आपल्यापर्यंत जवळजवळ पोहोचतच नाही. डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण मात्र या धुळीतून वाट काढतात. १९९०च्या दशकात राइनहार्ट गेन्झेल यांच्या गटाने चिलीतून, तर अँड्रिया गेझ यांच्या गटाने हवाई बेटावरच्या केक दुर्बिणीतून याच किरणांत केंद्राची छायाचित्रं घ्यायला सुरुवात केली. वर्षामागून वर्षं आकाशाचा तोच चिमुकला तुकडा, तेच तारे.

(दृश्य : एकापाठोपाठ एक वर्षांच्या प्रतिमा. ठिपके जागा बदलतात.)

आणि हे तारे सरकताना दिसू लागले. त्यांतला एक, एस-टू. सूर्याला आकाशगंगेच्या केंद्राभोवती एक फेरी मारायला वीस कोटींहून जास्त वर्षं लागतात. एस-टू ती १६ वर्षांत पूर्ण करतो! माणसाच्या हयातीत अख्खी कक्षा डोळ्यांसमोर काढून दाखवणारा तारा मिळणं, हे खगोलशास्त्राचं मोठंच भाग्य.

कारण कक्षा कळली, की केप्लरचा नियम वापरता येतो : कक्षेच्या आकाराचा घन भागिले फेरीच्या वर्षांचा वर्ग, की मधल्या वस्तूचं वस्तुमान सूर्यांच्या हिशेबात मिळतं. मला या सगळ्या कथेत सर्वांत जास्त भावतं ते हे गणित. ते कागदावर कुणालाही करता येतं. एस-टूची कक्षा लंबवर्तुळाकार आहे. तिच्या लांब अक्षाचा निम्मा भाग पृथ्वी–सूर्य अंतराच्या साधारण हजारपट भरतो. हजाराचा घन, म्हणजे शंभर कोटी. सोळाचा वर्ग, २५६. शंभर कोटींना २५६ने भागा. उत्तर येतं चाळीस लाखांच्या आसपास. मधोमध जे काही बसलं आहे, त्याचं वस्तुमान इतक्या सूर्यांएवढं! अचूक मोजमापांनी हा आकडा आता ४३ लाखांजवळ नेला आहे.

खगोलशास्त्रज्ञ म्हणतात, हे कृष्णविवर आहे, प्रकाशालाही निसटू न देणारं. पण ते कृष्णविवरच कशावरून? अंधूक ताऱ्यांचा एखादा दाट थवा का नसेल?

(दृश्य : मे २०१८. एस-टू केंद्राला वळसा घालतो.)

मे २०१८मध्ये एस-टू केंद्राच्या अगदी जवळून गेला. अंतर, पृथ्वी–सूर्य अंतराच्या सुमारे १२० पट. वेग, सेकंदाला साडेसात हजार किलोमीटरहून अधिक. त्याच्या वर्णपटातली, म्हणजे रंगांत फोडलेल्या प्रकाशातली, हायड्रोजनची रेषा आधी तांबड्या बाजूला सरकलेली होती, म्हणजे तारा आपल्यापासून दूर धावत होता. काही महिन्यांतच ती निळ्या बाजूला गेली. आणि या सगळ्या ये-जा करण्यात थोडी जास्तीची तांबडी सरकण उरली, आइनस्टाइनच्या सापेक्षतेने सांगितली होती तेवढीच. एवढ्याशा जागेत लाखो ताऱ्यांचा थवा टिकूच शकत नाही. २०२०च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा गेन्झेल आणि गेझ यांना मिळाला, अर्धा रॉजर पेनरोज यांना.

दूरच्या दीर्घिकांत, म्हणजे इतर आकाशगंगांत, मात्र एकेक तारा वेगळा दिसत नाही. तिथे कोट्यवधी ताऱ्यांचा प्रकाश एकत्र येतो. काही तारे आपल्याकडे येत असतात, काही दूर जात असतात, त्यामुळे वर्णरेषा पसरट होते. रेषा जितकी रुंद, तितकी ताऱ्यांची धावपळ जास्त.

(दृश्य : एम-८७ दीर्घिका आणि तिच्या केंद्रातून निघालेला झोत.)

साडेपाच कोटी प्रकाशवर्षांवरच्या एम-८७बाबत यावरूनच मोठा पेच पडला होता. ताऱ्यांच्या वेगावरून केंद्रातल्या कृष्णविवराचं वस्तुमान येत होतं सुमारे ६६० कोटी सूर्यांएवढं. त्याच केंद्राभोवती फिरणाऱ्या वायूवरून ते येत होतं ३५० कोटी, जवळपास निम्मं! २०१९मध्ये इव्हेंट होरायझन टेलिस्कोप या जगभरच्या रेडिओ दुर्बिणींच्या जाळ्याने त्या कृष्णविवराच्या सावलीचं चित्र दिलं आणि आकडा निघाला ६५० कोटी. कौल ताऱ्यांच्या बाजूने लागला. वायूला धक्के बसतात, त्यात खळबळ माजते. तारे जवळजवळ फक्त गुरुत्वाकर्षणाचंच ऐकतात. म्हणून माझा भरवसा ताऱ्यांवर जास्त.

२०००मध्ये दोन गटांनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली. दीर्घिकेच्या मधल्या फुगवट्यातल्या ताऱ्यांच्या वेगांत जितकी जास्त तफावत, तितकं केंद्रातलं कृष्णविवर वजनदार. यातले बहुतेक तारे त्या कृष्णविवराच्या ओढीच्या पलीकडे असतात, तरीही हे नातं टिकतं. दीर्घिका आणि तिचं कृष्णविवर, दोघांची वाढ एकमेकांत गुंतलेली असणार. ती नेमकी कशी, यावर अजून जोरात काम चालू आहे.

एक धागा दीर्घिकांच्या विलीनीकरणातून मिळतो. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी १९४३मध्ये दाखवलं होतं, की ताऱ्यांच्या गर्दीतून जाणारी जड वस्तू मागे ताऱ्यांची दाटी ओढून घेते आणि त्या ओढीनेच मंदावते. दोन दीर्घिका एक झाल्या, की त्यांची कृष्णविवरं अशीच मंदावत केंद्राकडे बुडतात, एकमेकांभोवती फिरू लागतात आणि जवळ येणारे तारे बाहेर भिरकावून देतात. अनेक महाकाय लंबगोल दीर्घिकांच्या अगदी मध्यभागी ताऱ्यांची दाटी अपेक्षेपेक्षा कमी आढळते, ती बहुधा याचमुळे. एम-८७ त्यांपैकीच एक आहे.