बाकावर बसलेला ग्रेट्स्की

श्रोतेहो, नमस्कार. आज हॉकीबद्दल बोलायचं आहे, पण ध्यानचंदांच्या हॉकीबद्दल नाही. बर्फावरच्या. पन्हाळ्यावर जरा धुकं उतरलं की कानटोपी शोधणाऱ्या कोल्हापूरकरांना आईस हॉकी कशाला, असं कुणी म्हणेल. पण विषय बर्फाचा कमी आणि संघनिवडीचा जास्त आहे, आणि संघनिवडीवर वाद घालायला आपल्याला कुणी शिकवायला नको. फुटबॉलचा हंगाम तोंडावर आला की शिवाजी पेठेपासून मंगळवार पेठेपर्यंत प्रत्येक कट्ट्यावर हेच चालू असतं. ह्याला का घेतला, त्याला का बसवला?

तर 2026 च्या फेब्रुवारीत इटलीत, मिलान आणि कोर्टिनाला, हिवाळी ऑलिम्पिक आहे. पुरुषांच्या आईस हॉकीत 12 संघ. उत्तर अमेरिकेतल्या एनएचएल या व्यावसायिक लीगचे खेळाडू 2014 च्या सोची ऑलिम्पिकनंतर पहिल्यांदाच उतरणार आहेत. 2018 ला नव्हते, 2022 ला नव्हते. म्हणजे जगातले सगळ्यात भारी खेळाडू, तब्बल बारा वर्षांनी. त्यामुळे कॅनडात सध्या एकच चर्चा आहे, यादीत कोण?

यादी 25 जणांची. 22 खेळाडू आणि 3 गोली, म्हणजे गोलरक्षक. पुन्हा सांगतो, 25. त्यातली सहा नावं 2025 च्या जूनमध्येच जाहीर झाली: मॅकडेव्हिड, क्रॉस्बी, मॅकिनन, मकार, पॉइंट आणि राइनहार्ट. उरली 19, ती 2025 च्या डिसेंबरअखेर कळतील. बर्फावर एका वेळी सहाच जण असतात, गोली धरून. पण तिथं दम इतका लागतो की पाऊण मिनिटात माणूस बाहेर येतो आणि दुसरा आत उडी मारतो. खेळ चालूच असतो, पंच थांबवत नाही. म्हणून नुसते गोल मारणारे 22 घेऊन भागत नाही. कुणीतरी फटके अंगावर घेणारा लागतो, शिक्षेमुळं एक गडी कमी असताना किल्ला लढवणारा लागतो. मोठी नावं आणि कामाची माणसं, झगडा सगळा इथं आहे.

आपल्याकडच्या फुटबॉलमध्ये तर आता तिसराच झगडा आहे. हंगामापुरते परदेशातून खेळाडू आणायचे आणि तालमीत वाढलेल्या पोराला पाणी द्यायला बसवायचं. मला हे कधीच पटलेलं नाही. पैसे वर्गणीचे, ट्रॉफी पेठेची आणि गोल मारणारा एप्रिलनंतर कुठं असतो ते देवाला ठाऊक. असो.

आता मला जी गोष्ट सांगायची आहे ती सांगतो. साल 1998, जपानमधलं नागानो. एनएचएलचे खेळाडू ऑलिम्पिकला जाण्याची ती पहिलीच वेळ. कॅनडाचा संघ निवडणारे होते बॉबी क्लार्क. त्यांनी मार्क मेसियरला वगळलं. हा मेसियर म्हणजे सहा वेळा स्टॅनली कप, म्हणजे एनएचएलचं अजिंक्यपद, जिंकलेला माणूस. आणि घेतलं कुणाला, तर रॉब झमुनर नावाच्या एका कष्टाळू खेळाडूला, ज्याचं काम मुळी समोरच्याला अडवायचं. देशभर बोंबाबोंब. कर्णधार कोण? तर वेन ग्रेट्स्की संघात असताना चोविशीतला एरिक लिंड्रॉस! ग्रेट्स्की तेव्हा 37 वर्षांचा. एनएचएलच्या इतिहासात सर्वाधिक गोल तोवर त्याच्याच नावावर.

उपांत्य सामना, 20 फेब्रुवारी. समोर चेक प्रजासत्ताक. कॅनडाचे झाडून सगळे एनएचएलचे, चेक संघात जेमतेम अर्धे. पण त्या अर्ध्यांत गोलपोस्टसमोर उभा होता डॉमिनिक हाशेक. हा गोली अंगाला हाडं नसल्यासारखा बर्फावर लोळायचा आणि फटका अडवायचा. चेकांनी गोल केला. एक मिनिट उरलं असताना ट्रेव्हर लिंडेननं बरोबरी साधली. एक-एक. जादा वेळेत काही झालं नाही. आला पेनल्टी शूटआउट. दोघांना पाच-पाच फटके.

शूटआउटवर सामना ठरवणं म्हणजे कुस्ती नाणेफेकीवर सोडवणं, असं माझं स्पष्ट मत आहे, आणि खासबागेत हे कुणी खपवून घेतलं नसतं. बरं झालं, ऑलिम्पिकच्या अंतिम सामन्यात आता शूटआउट नाही. गोल होईपर्यंत तीन विरुद्ध तीन खेळत राहायचं.

तर प्रशिक्षक मार्क क्रॉफर्ड. त्यांना पाच नावं द्यायची होती. जो सॅकिक जखमी, पॉल कारिया डोक्याला मार लागल्यानं जपानला आलेलाच नाही. त्यांनी नावं दिली: फ्लुरी, बुर्क, न्यूवेन्डाइक, लिंड्रॉस, शॅनाहन. पाच. ऐकलंत ना? पाचांत ग्रेट्स्की नाही. दुसऱ्या नंबरवर रे बुर्क, म्हणजे चक्क बचावपटू, आणि ग्रेट्स्की बाकावर!

चेकांकडून पहिलाच आला रॉबर्ट रायखेल, त्यानं गोल मारला. पुढच्या तिघांपैकी कुणालाही कॅनडाचा गोली पॅट्रिक रॉय याच्यासमोर गोल करता आला नाही. आणि कॅनडाचे पाच? फ्लुरी अडवला. बुर्क अडवला. न्यूवेन्डाइक अडवला. लिंड्रॉसचा फटका खांबाला लागला. शॅनाहन अडवला. संपलं. हाशेकवर सगळा चेक संघ जाऊन पडला आणि इकडं सगळे उठून गेल्यावरही ग्रेट्स्की बाकावर तसाच बसून राहिला. त्याचा तो फोटो कॅनडात आजही निघतो. पुढं कांस्यपदकाच्या सामन्यातही फिनलंडनं त्यांना हरवलं. चेकांनी अंतिम सामन्यात रशियाला एक-शून्यनं हरवून सुवर्ण नेलं आणि प्रागच्या जुन्या चौकात हजारो माणसं लोटली, भारत जिंकल्यावर आपल्या शिवाजी चौकात लोटतात तशी.

यादीवर भांडणारे महिनाभर झमुनरवरून भांडले. झमुनरमुळं काही बिघडलं नाही, बरं का! बिघडलं ते संघात असलेल्या माणसाला वेळेला पुढं न केल्यामुळं. असं माझं म्हणणं. क्रॉफर्ड यांचा हिशेब असा होता की समोर एकटा गोली असताना ग्रेट्स्कीपेक्षा हे पाच बरे. कागदावर त्यात तथ्यही असेल.

पण गंमत पुढं आहे. हाच ग्रेट्स्की 2002 ला कॅनडाचा संघ निवडणारा झाला आणि पन्नास वर्षांनी सुवर्ण आलं. 2006 ला ट्युरिनसाठीही तोच निवडणारा. तेव्हा 18 वर्षांचा एक पोरगा लीगमध्ये धुमाकूळ घालत होता, पहिल्याच हंगामात शंभरावर गुण, म्हणजे स्वतःचे गोल आणि गोलला दिलेले पास मिळून. त्याला ग्रेट्स्कीनं घेतलं नाही. कॅनडा त्या स्पर्धेत तीन सामन्यांत एकही गोल करू शकला नाही आणि उपांत्यपूर्व फेरीतच बाहेर. त्या पोराचं नाव सिडनी क्रॉस्बी. चार वर्षांनी व्हॅंकुव्हरला अमेरिकेविरुद्ध अंतिम सामन्यातला सोनेरी गोल त्यानंच मारला. तोच क्रॉस्बी आज 38 वर्षांचा आहे आणि पहिल्या सहांत आहे.

आणि यंदाही असाच एक पोरगा आहे. मॅक्लिन सेलेब्रिनी, सॅन होजेकडून खेळतो, वय 19. खेळाडूंच्या गुणतक्त्यात अगदी वरच्या नावांत. जूनच्या सहांत तो नव्हता. यंदाचे निवडणारे आहेत डग आर्मस्ट्राँग आणि प्रशिक्षक जॉन कूपर. 2006 त्यांना माहीत नाही असं नाही.

खरी पंचाईत गोलीची आहे. कॅनडानं जगाला रॉय दिला, ब्रोडर दिला, आणि आज बिनधोक म्हणावा असा गोली सापडत नाही. जॉर्डन बिनिंग्टनचा हंगाम यथातथाच चाललाय. पण 2025 च्या फेब्रुवारीत चार देशांच्या स्पर्धेत अमेरिकेविरुद्धच्या अंतिम सामन्यात, जादा वेळेत, त्यानंच दार लावून धरलं आणि मग मॅकडेव्हिडनं गोल केला. मी असतो तर आकडे बाजूला ठेवून त्यालाच उभा केला असता. गोली नेहमी मोठ्या सामन्यातला बघून घ्यावा, हे शाहू स्टेडियमच्या गॅलरीत बसणाऱ्या कुणालाही पटेल.

जाता जाता एक. आपल्या भारताच्या महिला आईस हॉकी संघानं 2025 च्या जूनमध्ये संयुक्त अरब अमिरातीत झालेल्या आशिया कपमध्ये कांस्यपदक मिळवलं. बहुतेक मुली लडाखच्या, गोठलेल्या तळ्यांवर शिकलेल्या. आपल्याकडं त्याची चर्चा किती झाली, तुम्हीच आठवून बघा.

तर यादी या महिनाअखेर येईल. आली की वरची नावं सोडा, ती माहीतच आहेत. शेवटची चार-पाच बघा आणि तिसरा गोली बघा. अंतिम सामना 22 फेब्रुवारीला, रविवारी. इटलीचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागं, म्हणजे जागरणाचं कारण नाही. माझ्या यादीत सेलेब्रिनी आहे. तुमच्या यादीत नसेल तर कट्ट्यावर भेटू. नमस्कार.