सव्वाशेने मोजा, पण मराठीत मोजा

(टेबलावर एकावर एक सात पुड्या मांडत)

ही काळी मिरी. परवा आईबरोबर ठाण्याला जांभळी नाक्यावर मसाल्याचं सामान घ्यायला गेलो होतो. मावश्या, आत्या धरून सात घरांचं सामान आमची आई एकदमच घेते, त्यामुळे सव्वाशे ग्रॅमच्या सात पुड्या वेगळ्या बांधून हव्या होत्या. दुकानदारकाकांनी पहिली पुडी काट्यावरून उचललीच नाही. तिच्यावरच दुसरी, दुसरीवर तिसरी. तोंडाने चालू होतं: सव्वाशे, अडीचशे, पावणेचारशे, पाचशे... पाचव्या पुडीला काटा 621 वर थांबला. काकांनी चिमूटभर मिरी आणखी टाकली, ‘सव्वासहाशे’ म्हणाले, पुडी बांधली आणि सहावीला हात घातला.

शेजारी माझी भाची. ती पाचवीत, इंग्रजी माध्यमात. तिने मोबाइलवर कॅल्क्युलेटर उघडला होता आणि ती काकांच्या दोन पुड्या मागे होती!

आता हे काकांचं पाठांतर म्हणावं, तर तसंही नाही. फळ्यावर बघा.

125, 250, 375, 500.
625, 750, 875, 1000.

आता हेच मोठ्याने म्हणा. सव्वाशे, अडीचशे, पावणेचारशे, पाचशे. सव्वासहाशे, साडेसातशे, पावणेनऊशे, हजार. ऐकू आलं? सव्वा, साडे, पावणे, पूर्ण. परत सव्वा, साडे, पावणे, पूर्ण. दीडशे-अडीचशेला आपण ‘साडे’ म्हणत नाही एवढाच काय तो अपवाद. पुढे सव्वाअकराशे, साडेबाराशे, पावणेचौदाशे, पंधराशे. ‘वन ट्वेंटी फाइव्ह, टू फिफ्टी’ म्हणताना ही लय कानाला लागत नाही. आपल्या आजोबांच्या पिढीने पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी घोकली होती. त्यातली सवायकी म्हणजे सव्वाचा पाढा, आणि त्याला ‘शे’ जोडलं की काकांची मोजणी तयार.

आता जरा आत शिरू. फक्त शेवटचा अंक बघा: 5, 0, 5, 0. दोन टप्प्यांत फेरी पूर्ण. शेवटचे दोन बघा: 25, 50, 75, 00. चार टप्पे. शेवटचे तीन बघितले तर आठ. दोन, चार, आठ... मग शेवटचे चार अंक किती टप्प्यांनी परत येतील? सोळा म्हणालात ना? मीही तेच म्हणालो होतो. सोळावा टप्पा येतो 2000. शेवटी चार शून्यं कुठे आहेत? ती यायला 10,000 लागतात, म्हणजे 80 टप्पे.

असं का होतं? 10 म्हणजे 2 गुणिले 5. आणि 125 म्हणजे 5 गुणिले 5 गुणिले 5, नुसते पाचच. एकेका शून्यासाठी एक 2 आणि एक 5 लागतो. पहिल्या तीन शून्यांपुरते तीन 5 तर 125 च्या खिशातच आहेत; 2 मात्र टप्प्यांच्या संख्येतूनच यायला हवेत. म्हणून दोन, चार, आठ. चौथ्या शून्याला खिसा रिकामा! आता 5 सुद्धा बाहेरूनच आणायचा. आठ गुणिले 2 गुणिले 5, झाले ऐंशी. खिशात 5 चार वेळा असलेला 625 घेतलात, तर मात्र तुमचे सोळा बरोबर येतात.

याचा उपयोग? 47 पुड्यांचं वजन सांगा. 47 मध्ये आठ पाच वेळा, उरले सात. पाच आठांचे पाच हजार, सातव्या टप्प्याचे 875. झाले 5875 ग्रॅम.

ताळा करायचा असेल तर अंकांची बेरीज एक अंक उरेपर्यंत करत जा. 125 चे 8, 250 चे 7, 375 चे 6. मग 5, 4, 3, 2, 1. 1125 ला 9, आणि पुन्हा 8. उलटी मोजणी! कारण 126 ला 9 ने पूर्ण भाग जातो आणि 125 त्याच्या एकाने मागे आहे, म्हणून दर टप्प्याला बेरीज एकाने घसरते. मला स्वतःला यातलं हेच सगळ्यात जास्त आवडतं.

जाता जाता, 375 ने मोजून बघा. पावणेचारशे, साडेसातशे, सव्वाअकराशे, पंधराशे. पुढे पावणेएकोणीसशे, साडेबावीसशे, सव्वासव्वीसशे, तीन हजार. शेवटचे तीन अंक तेच आठ आहेत, फक्त क्रम बदललाय. पण कान देऊन ऐका: पावणे, साडे, सव्वा, पूर्ण. काकांची मोजणी उलटी वाजतेय. 75 पुढे जाणं म्हणजे शंभर पुढे जाऊन 25 मागे येणं, नाही का?