ल्हासातला बिनअधिकाराचा साहेब

श्रोतेहो, नमस्कार.

इंग्रज अमदानीतला जिल्ह्याचा कलेक्टर आपल्याकडच्या जुन्या माणसांच्या बोलण्यातून अजून पुरता गेलेला नाही. फिरतीवर आला की त्याचे तंबू पडायचे, शिरस्तेदार दप्तर घेऊन पुढे धावायचा, आणि गावकरी अर्ज हातात धरून झाडाखाली तासन्‌तास बसून राहायचे. आज मी त्याच आय.सी.एस.मधल्या एका अधिकाऱ्याची गोष्ट सांगणार आहे. त्याची नेमणूक मात्र अशा मुलखात झाली, जिथे सारा, फौजदारी, पोलीस यांतलं काहीच त्याच्या हातात नव्हतं. बोलावणं येईपर्यंत वाट पाहत बसायची पाळी तिथे साहेबावर यायची.

ह्यू रिचर्डसन हे त्याचं नाव. जन्म १९०५ सालचा, स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजचा. १९३० मध्ये तो आय.सी.एस.मध्ये आला आणि सुरुवातीला बंगालमध्ये होता, तामलुकसारख्या ठिकाणी. १९३६ मध्ये तो तिबेटातल्या ग्यांत्सेला ट्रेड एजंट झाला आणि त्याच वर्षी ल्हासाला पोचला. मधली काही वर्षं सोडली तर १९५० पर्यंत त्याचं आयुष्य तिबेटशीच बांधलेलं राहिलं.

ट्रेड एजंट म्हणजे व्यापारी वकील. ही जागा निर्माण झाली ती रक्तपातातून, आणि ते सांगितल्याशिवाय पुढे जाणं मला योग्य वाटत नाही. १९०३ च्या अखेरीस यंगहजबंडच्या हाताखाली हिंदुस्थान सरकारची फौज तिबेटात शिरली. ३१ मार्च १९०४ रोजी गुरू नावाच्या गावाजवळ तोड्याच्या बंदुका आणि तलवारी घेतलेले कित्येक शे तिबेटी काही मिनिटांत मशीनगनपुढे मारले गेले. त्यानंतर ल्हासात जो करार झाला, त्यातून ग्यांत्से, यातुंग आणि गारतोक इथे इंग्रजांच्या व्यापारी कचेऱ्या आल्या. सिक्कीमहून वर जाणारी वाट गुरूवरूनच जायची. म्हणजे ग्यांत्से किंवा ल्हासाला नेमणूक झालेला प्रत्येक अधिकारी आपल्या कामावर रुजू होण्याआधी त्या मैदानातून जात असे.

गंगटोकहून ल्हासापर्यंत साधारण तीन आठवडे लागायचे. आधी नथू ला किंवा जेलेप ला ही खिंड, मग चुंबी खोऱ्यातली पाइन झाडं, आणि मग झाडं संपून फारी. १४ हजार फुटांवरचं, वाऱ्यानं आणि धुळीनं भरलेलं गाव. पलीकडे चोमोल्हारीचं शिखर. मजल-दरमजल सरकारी डाकबंगले होते. सामान खेचरांवर. टपाल मात्र माणसं पायी पळत न्यायची, हिवाळ्यातसुद्धा. साहेबाच्या टेबलावर वर्तमानपत्र शिळं का होईना पण यायचं, ते त्यांच्या पायांवर.

ग्यांत्सेची कचेरी म्हणजे मातीच्या जाड भिंतींची लहानशी गढीच. आत कारकून, दवाखाना, तारघर आणि हिंदी सैनिकांची तुकडी. समोर कड्यावरचा किल्ला, त्याच्या पायथ्याशी मठ आणि बाजार. लोकर इथून खाली कालिंपोंगला जायची. कचेरीचं कागदोपत्री काम एवढंच, की या व्यापाराकडे लक्ष ठेवायचं आणि ब्रिटिश प्रजाजनांचे तंटे ऐकायचे. एवढ्या कामाला दिवसाचा थोडाच वेळ लागायचा. मग उरलेल्या वेळात घोड्यावरची रपेट, पोलो, शिकार. हवेपासून आडोसा करून भाजीचा वाफा लावायचा. वसंतात तर दुपारचा वारा असा उठायचा की घरात बसूनही दातांखाली रेती यायची.

ल्हासातलं जिणं निराळं होतं. १९३६ च्या ऑगस्टमध्ये बेझिल गूल्ड हे सिक्कीमचे पोलिटिकल ऑफिसर, म्हणजे गंगटोकला राहून तिबेटचं कामही पाहणारे इंग्रज अधिकारी, एक शिष्टमंडळ घेऊन तिथे गेले. चीनमध्ये जाऊन राहिलेल्या पंचेन लामांच्या, म्हणजे दलाई लामांनंतरच्या सर्वांत मोठ्या लामांच्या, परतीचा प्रश्न चिघळला होता, त्यात मध्यस्थी करायची होती. पुढच्या वर्षीच्या फेब्रुवारीत गूल्ड परतले आणि रिचर्डसनला मागे ठेवून गेले. कायमची कचेरी उघडल्याचा करार झाला नाही, घोषणाही नाही. ‘तात्पुरतं’ म्हणून आलेलं हे पथक गेलंच नाही, इतकंच. त्याचा मुक्काम देक्यी लिंगका नावाच्या बागेतल्या घरात होता, पोताला राजवाड्याच्या पश्चिमेला. जागा कुंदेलिंग मठाची, म्हणजे साहेब त्या मठाचा भाडेकरू.

आता या भाडेकरूचा दिवस पाहा. तिबेटात तुम्ही मोठ्या माणसाकडे उठून सहज जात नाही. आधी निरोप जातो, मग पंचांगात चांगला दिवस बघतात, मग भेट. भेटीला रिकाम्या हातानं जायचं नाही, खाता घेऊन जायचं. खाता म्हणजे पांढऱ्या रेशमाचा, उपरण्याएवढा तलम पट्टा. तो कसा द्यायचा यात सगळं राजकारण. समोरचा आपल्याहून मोठा असेल तर वाकून दोन्ही हातांवर धरायचा, बरोबरीचा असेल तर एकमेकांच्या मनगटांवर ठेवायचा, खालचा असेल तर त्याच्या गळ्यात घालायचा. बसायची गादी किती उंच, आणि कुणाच्या वर की खाली, हेही दर्जाप्रमाणे ठरलेलं. खालच्या गादीवर बसणं म्हणजे आपल्या सरकारची पायरी खाली आणणं, आणि वरच्या गादीचा हट्ट धरणं म्हणजे यजमानाचा अपमान. रिचर्डसन हे सगळं शिकला. मला त्याच्याबद्दल आदर वाटतो तो इथे. हुकमाची सवय असलेल्या नोकरीतला माणूस पाहुणा व्हायला शिकला.

जेवणाचं आमंत्रण म्हणजे अख्खा दिवस. सकाळी उशिरा जायचं आणि अंधार पडता पडता सुटायचं. सुरुवात लोण्याच्या चहानं. विटेसारख्या दाबलेल्या चहाचा काढा, त्यात याकचं लोणी आणि मीठ, लाकडी नळकांड्यात घुसळलेला. एक घोट घेतला की नोकर पुढे येऊन वाटी पुन्हा काठोकाठ भरतो. मग चिनी पद्धतीचे पदार्थ एकामागून एक. समुद्रापासून इतक्या दूर, इतक्या उंचीवर, ल्हासाचे सरदार पाहुण्यांना शार्क माशाचे पंख वाढत असत! मग माजाँग या सोंगट्यांच्या चिनी खेळाचा डाव, आणि शेवटी छांग, म्हणजे सातूची बिअर. नटूनथटून आलेल्या मुली ती आग्रह करकरून पाजायच्या. या सगळ्यात कामाची गोष्ट कधी? बहुतेकदा निरोपाच्या वेळी, उभ्याउभ्या, दोन वाक्यांत. ती दोन वाक्यं ऐकण्यासाठी बाकीचे सात-आठ तास. रात्री मुक्कामी येऊन ती लिहायची, सांकेतिक भाषेत घालायची आणि तारेनं गंगटोकला.

यासाठी भाषा लागायची, आणि दुभाषाकरवी हे जमणारं नव्हतं. रिचर्डसन अस्खलित ल्हासाची तिबेटी बोलत असे. त्याच्या आधीच्या पिढीतल्या चार्ल्स बेल यांनी तर बोली तिबेटीचं व्याकरण आणि कोश रचला होता. १९१० मध्ये चिनी फौजेपुढून निघून तेरावे दलाई लामा हिंदुस्थानात आले, तेव्हा बेल यांची त्यांच्याशी मैत्री जमली, आणि त्या मैत्रीच्या बळावर १९२० मध्ये बेलना ल्हासाचं आमंत्रण मिळालं. त्याच पलायनात दलाई लामांना यातुंगमध्ये आपल्या घरी आसरा देणारा डेव्हिड मॅकडोनाल्ड हाही ट्रेड एजंट. वडील स्कॉटिश, आई लेपचा. त्याला तिबेटी शिकण्यासाठी पुस्तकाकडे जावं लागलं नाही.

आणि इथेच मला ती माणसं पुढे आणायची आहेत, जी अशा आठवणींमध्ये नेहमी मागच्या रांगेत राहतात. नोर्बू धोंडुप दुभाषा म्हणून यंगहजबंडबरोबर तिबेटात गेला आणि पुढे स्वतः यातुंगचा ट्रेड एजंट झाला. डॉक्टर बो त्सेरिंग सिक्कीमचा. ल्हासातल्या पथकाच्या दवाखान्यात देवीच्या लशीसाठी, गुप्तरोगांच्या उपचारांसाठी, डोळ्यांसाठी सरदारांपासून भिकाऱ्यांपर्यंत सगळे येत. १९०४ मध्ये ज्यांच्या बापजाद्यांवर गोळ्या चालल्या, त्याच लोकांच्या मनात या कचेरीबद्दल विश्वास आला असेल, तर तो साहेबाच्या वाटाघाटींपेक्षा या दवाखान्यामुळे आला, असं माझं स्पष्ट मत आहे.

देक्यी लिंगकात करमणूकही व्हायची. फुटबॉलचा ‘मिशन मार्मट्स’ नावाचा संघ होता, तो ल्हासाच्या संघाशी खेळायचा. रिचर्डसननं तिथे गोल्फही नेला. विरळ हवेत चेंडू नको तितका लांब जातो, ही त्याची तक्रार. सर्वांत मोठी गर्दी व्हायची ती सिनेमाला. चार्ली चॅप्लिनचे मूकपट लागले की भिक्षू आणि सरदार सारखेच हसत. पथकानं स्वतः काढलेल्या फिती दाखवल्या तेव्हा लोक पडद्यावर आपले ओळखीचे चेहरे शोधत बसले.

२२ फेब्रुवारी १९४० रोजी चौदाव्या दलाई लामांचं सिंहासनारोहण झालं. गूल्ड पुन्हा आले. त्यांच्या भेटींमध्ये टाकसाळीतली सोन्याची वीट होती, रायफली होत्या, इंग्रजी खोगीर होतं. पण देणाऱ्यांना हेही ठाऊक होतं की सिंहासनावर साडेचार वर्षांचं मूल आहे, म्हणून पायानं चालवायची मोटारही होती आणि पक्ष्यासारखं गाणारं घड्याळही.

मग १५ ऑगस्ट १९४७ आला. देक्यी लिंगकावरचा युनियन जॅक उतरला, तिरंगा चढला. कारकून तेच, डॉक्टर तेच, नोकर तेच. आणि प्रमुखही तोच. स्वतंत्र भारताचा ल्हासातला पहिला प्रतिनिधी हा स्कॉटिश माणूस होता, हे आपल्यातल्या फार थोड्यांना माहीत असेल. १९५० मध्ये तो तिथून निघाला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात चीनचं सैन्य पूर्व तिबेटातल्या चामदोवर चालून आलं. तिबेटनं संयुक्त राष्ट्रांकडे दाद मागितली तेव्हा लंडननं हात आखडता घेतला आणि दिल्लीनंही. रिचर्डसननं दोन्ही सरकारांना याबद्दल उघडपणे दोष दिला आणि ९४ व्या वर्षी मरेपर्यंत तो शब्द मागे घेतला नाही.

२९ एप्रिल १९५४ च्या करारानं भारतानं ग्यांत्से आणि यातुंगमधले सैनिक मागे घेतले. टपाल-तारेची व्यवस्था आणि १२ विश्रामगृहं चीनकडे गेली. त्याच जुलैत पूर आला आणि ग्यांत्सेची कचेरी माणसांसकट वाहून गेली.

ल्हासात असताना रिचर्डसनला एक नाद होता. मोकळ्या दिवशी तो घोड्यावरून जुन्या दगडी स्तंभांपर्यंत जायचा आणि त्यांवरचे आठव्या-नवव्या शतकांतले तिबेटी लेख उतरवून घ्यायचा. हे काम त्याला कुणी सांगितलं नव्हतं. पुढे त्यानं ते लेख छापून प्रसिद्ध केले. सांस्कृतिक क्रांतीच्या वर्षांत तिबेटात जे तोडलं-फोडलं गेलं, त्यात असे प्राचीन लेखही नष्ट झाले, आणि आज तिबेटच्या इतिहासाचे अभ्यासक या नकला उघडून बसतात.

नमस्कार.