गुडघ्यातल्या गादीचा उलटा हिशोब

नमस्कार मंडळी! गुडघा दुखायला लागला की आपल्याकडे पहिलं वाक्य ठरलेलं, "ग्रीस संपलं वाटतं." मग एक्स-रे, आणि गॅप कमी झालाय असं ऐकून घरी यायचं. आता गंमत बघा, एक्स-रेत ती गादी, म्हणजे कूर्चा, दिसतच नाही, दिसतात दोन हाडं आणि मधली फट. आणि फट कमी होईपर्यंत उशीर झालेला असतो हो, कारण गादी पातळ व्हायच्या आधीच तिच्या आतला माल जायला लागतो. त्या मालाचं नाव ग्लायकोसअमिनोग्लायकन, जीभ वळत नाही म्हणून आपण नुसतं गॅग म्हणू. गॅगवर ऋण, म्हणजे निगेटिव्ह, विद्युत भार असतो, त्यामुळे ते पाणी धरून ठेवतं आणि आपण जिने उतरलो तरी गादी चेपून जात नाही.

तर १९९० च्या दशकात बोस्टनमध्ये मार्था ग्रे, डेबोरा बर्स्टीन वगैरे संशोधक मंडळींनी डोकं चालवलं. एमआरआयच्या आधी शिरेतून गॅडोलिनियम या धातूचा असा डाय द्यायचा ज्याच्यावरही ऋण भार आहे. सारखे भार एकमेकांना ढकलतात, म्हणजे जिथे गॅग भरपूर तिथे डायला फारसा शिरकाव नाही, जिथे गॅग गेलं तिथे तो पाय पसरून बसतो. गल्लीत दादा असला की बाहेरचा जपूनच शिरतो ना, तसंच! मशीन टी-वन मोजतं, म्हणजे चुंबकाने हलवलेलं पाणी पूर्वपदावर यायला लागणारा वेळ, डाय जास्त तिथे टी-वन कमी, त्यावरून गॅगचा उलटा हिशोब. याला म्हणतात डी-जेमरिक.

पण कूर्चेत रक्तवाहिन्याच नाहीत, डाय पोचणार कसा? तर सुई टोचली की पेशंटला साधारण १० मिनिटं चालायला लावायचं, मग दीड-दोन तास बसवून ठेवायचं, तेवढ्यात तो झिरपत जातो. एमआरआयला गेलेल्या माणसाला आधी फेऱ्या मारायला लावतात हे मला जाम आवडलं.

स्वीडनमधल्या, २००५ साली छापून आलेल्या एका अभ्यासात याच पद्धतीने ४५ जणांचे गुडघे तपासले, सगळ्यांचं मेनिस्कसचं, म्हणजे गुडघ्यातल्या चंद्रकोरीसारख्या चकतीचं, ऑपरेशन झालेलं, आणि ज्यांनी ४ महिने व्यायाम केला त्यांच्या कूर्चेत गॅग सुधारलेलं दिसलं!

मग सगळीकडे का नाही करत? एक तर वेळखाऊ, त्यात डायचा डोस नेहमीच्या दुप्पट, आणि किडनी फारच खराब असली तर गॅडोलिनियम धोक्याचं. २०१७ मध्ये तर युरोपने हा मूळचा डाय शिरेतून द्यायचंच थांबवलं. म्हणून आता काहीजण सोडियम मोजणाऱ्या एमआरआयकडे वळलेत, आपल्या मिठातलंच, अंगात आधीपासून असलेलं सोडियम, त्याचा भार धन, त्यामुळे ते गॅग असेल तिथेच गोळा होतं, टोचायची भानगड नाही. फक्त त्याचा सिग्नल इतका बारीक असतो की वेगळी कॉइल, म्हणजे सिग्नल पकडणारं वेटोळं, आणि तगडं मशीन लागतं, आणि ते कोपऱ्यावरच्या सेंटरला काही नसतं.